वाकवलेल्या पिना

रेघ काडेपेटीतल्या काडीएवढी होती. तपकिरी. हातवालीच्या खांद्याच्या सांध्यातून निघून काखेकडे उतरलेली आणि टोकाशी जरा पसरलेली, शर्टाच्या खिशात पेन गळावं तशी. बायकोच्या डोळ्यांत थेंब घालून तिला आत बाकावर बसवलं होतं, अर्धा तास डोळे मिटून बसा म्हणाले होते, आणि मी बाहेर पायऱ्यांवर येऊन उभा राहिलो होतो, कारण दवाखान्याच्या वासात मला बसवत नाही. दुसऱ्या कुणाला ती रेघ दिसलीच नसती. दिसली असती तरी म्हणाला असता, धूळ आहे, पाऊस लागला की जाईल. पांढऱ्या दगडातून बाहेर येणारी तपकिरी रेघ म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. आत लोखंडाच्या जातीचं काहीतरी आहे आणि ते गंजतंय. आणि आत जे काही आहे ते मीच माझ्या या हातांनी घातलेलं आहे.

हातवाली म्हणजे दवाखान्याच्या दारातली संगमरवरी बाई. ती कोण, कुणी उभी केली, कुणाला ठाऊक नाही. खाली नाव होतं ते कधीच झिजून गेलं. उजवा हात पुढे केलेला, तळवा वर. शेवटच्या पायरीशी तो तळवा बरोबर कमरेच्या उंचीला येतो, म्हणून चढणारा-उतरणारा जो तो त्याचा आधार घेतो. बोटं साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झालीत. अकरा वर्षांपूर्वी वादळात झाडाची फांदी पडून तो हात खांद्यापासून निखळला आणि बसवायला आमच्याकडे आला. आमचा धंदाच तो. आम्ही दगड घडवत नाही. घडवणारे वेगळे, त्यांचे फोटो छापून येतात. आम्ही तुटलेला हात, निखळलेलं नाक, कठड्यातला सुटा चिरा जागेवर बसवतो, सांधा पुसून घेतो आणि सामान गुंडाळून निघतो. दगडाला दगड धरून ठेवते ती आतली पिन. भोक पाडायचं, पिन घालायची, चिकटवायचा मसाला भरायचा, झालं. पिन चांगली असली तर तिची आठवण कुणालाच होत नाही. मी तिथे उभा होतो तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले आणि शेवटच्या पायरीला त्यांनी नेहमीच्या सवयीनं त्या तळव्यावर सगळा भार टाकला. चाळीस किलोचा हात आहे तो. माझ्या तोंडून निघून गेलं, “अहो, सोडा तो हात!” म्हाताऱ्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. “का? तुमचा आहे का?” असं म्हणून ते आणखी जरा रेलले आणि आत गेले. हात पडला नाही.

बायको बाहेर आली ती डोळे किलकिले करत. “काय बघताय एवढं?” म्हणाली. “मला तर सगळं धुरकटच दिसतंय.” मी म्हणालो, काही नाही. पण पायऱ्या उतरण्याआधी आत वळलो, देखरेखवाल्याला गाठलं, त्याच्याकडून दोर घेतला आणि एक लोखंडी बाकडं ओढत आणून हातवालीसमोर आडवं लावून दोरानं बांधलं. देखरेखवाला म्हणजे इमारतीचे नळ, दिवे, दारं, सगळं बघणारा माणूस. बोलायला गोड पण विसरत काही नाही. “तुम्हीच बसवला होता ना हा हात?” म्हणाला. “मग आता काय झालं?” मी म्हणालो, “दगड जुना आहे हो. वय झालं की माणसाचे सांधेसुद्धा कुरकुरतात.” तो हसला. मीही हसलो. इतक्या सहज मला खोटं बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि रिक्षात बसल्यावर बायको माझ्या दंडाला धरून बसली होती तरी मला सारखं वाटत राहिलं की कुणीतरी मागून हाक मारतंय.

त्या दिवशी जेवण गेलं नाही. संध्याकाळभर मी कारणं शोधत बसलो, आणि माणूस कारणं शोधायला बसला की कारणांना काय तोटा! संगमरवरातच लोखंडाची शीर असेल. मूळ घडवणाऱ्यानं आत जुनी पट्टी सोडली असेल, आधी लोखंडाचीच घालायचे आणि भोवती शिसं ओतायचे, तशी. वरच्या पन्हळीतून गंजकं पाणी गळत असेल. यातलं एकही खरं नाही हे मला ठाऊक होतं. तो सांधा मी स्वतः उघडा पाहिलाय, डॉक्टर जखम पाहतो तसा. आत शीर नव्हती, पट्टी नव्हती, वर पन्हळ नाही. पण मन मोठं लबाड असतं. ते एकदा ‘मी नाही’ म्हणालं की मग वकील लावून बसतं. बायकोनं दोनदा विचारलं, “डोळे माझे तपासलेत आणि तुम्हाला काय झालं?” दुसऱ्यांदा मी तिच्यावर खेकसलो. ती आतल्या खोलीत गेली आणि मला आतून तिचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं, हळू आवाजात, मधूनच हसणं. ती कुणाशी बोलते ते मला ठाऊक आहे. आपल्या जावेशी. म्हणजे बारक्याच्या बायकोशी. अकरा वर्षं आम्ही दोघे भाऊ एकमेकांशी बोललेलो नाही आणि या दोघी जावा दर आठवड्याला फोनवर तास तास बोलतात. मला कळत नाही असं ती दाखवते आणि मीही कळत नसल्याचं दाखवतो.

बारक्या माझा धाकटा भाऊ. माझ्यापेक्षा वीतभर उंच, पण जन्मला तेव्हा मूठभर होता म्हणून नाव पडलं ते पडलं. आमचं कामाचं अंगण मागच्या बाजूला आहे, पाण्याचा नळ, दगड कापायचं टेबल, पत्र्याची शेड, आणि शेडच्या दारात दोरीला टांगलेलं लोहचुंबक. ते बाबांचं. बाबांनी उभ्या आयुष्यात दगडात काय घालावं याच्यावर जेवढा विचार केला तेवढा आम्हा पोरांवर केला नसेल. लाकडाची खुंटी ओल पिते. तांबं मऊ, आणि दगडावर हिरवे डाग पाडतं. पितळ बरं, पण वर्षानुवर्षं पाणी लागलं की आतून ठिसूळ होतं. लोखंडाचं तर नावच नको, ते गंजलं की फुगतं, आणि दगडाला आतून फोडतं. “बाहेरून फुटलेला दगड जोडता येतो रे,” बाबा म्हणायचे, “आतून फुटलेल्याला काय करशील?” म्हणून स्टील. चांगलं, न गंजणारं. पण स्टील म्हणून बाजारात काय काय विकतात, आणि चकचकीत तर सगळंच असतं, म्हणून ते चुंबक. कामावर जायच्या सकाळी प्रत्येक पिन त्या चुंबकाला लावायची. नाही चिकटली तर डब्यात. चिकटली तर बाहेर. “चिकटली ती आपली नाही,” हे वाक्य आम्ही पाढ्यांच्या आधी पाठ केलं असेल. बाबांना ते कुणी शिकवलं, का शिकवलं, त्याला काही अपवाद आहे का, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती. मला तर त्या नियमाचा अभिमानच होता. बारक्याला नव्हता. तो चुंबकाला टिचकी मारून झोका द्यायचा आणि म्हणायचा, “दादा, हे एक दिवस तुझ्याच डोक्यात बसणार बघ.”

हातवालीच्या पिना त्यानंच निवडल्या होत्या. सरळ नको म्हणाला. हात अधांतरी आहे, वर लोक भार टाकणार, सरळ पिन हळूहळू निसटेल. शेवटाला काटकोनात वाकवू, म्हणजे आत पकडून बसेल. स्टीलच्या दोन सळया आणल्या, शेगडी न पेटवता, पकडीत धरून नुसत्या जोरावर वाकवल्या. मी शेडमध्ये बसून बघत होतो. त्याच्या हाताला ते काम फार सुरेख यायचं, खरं सांगायचं तर मला कधीच तसं आलं नाही. बाबासुद्धा कामातून मान वर करून बघत होते, आणि त्यांचं ते बघणं मी बघत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सामान गाडीत चढवलं जात होतं, दवाखान्यापुढची परांची त्याच दिवशी उतरवायची होती, आणि मी रिवाजाप्रमाणे पिना चुंबकाला लावल्या. चुंबक चिकटलं. जोरात नाही, पण वाकलेल्या जागी अलगद येऊन बसलं. दुसरीलाही. ‘हे काय आणलंस?’ मी म्हणालो. तो म्हणाला, स्टील. मी म्हणालो, ‘स्टीलचे पैसे घेऊन हे?’ तो म्हणाला, दादा, स्टीलच आहे. मग मी बोललो ते बोललो. गाडीवाला होता, दोन हमाल होते, दारात दोघी जावा होत्या, बाबा होते. सगळ्यांच्या देखत मी माझ्या सख्ख्या भावाला चोर म्हणालो.

हे मी आजवर अनेकदा आठवलंय, पण एक गोष्ट नेहमी सोडून देत आलोय. त्या संध्याकाळी, तपकिरी रेघ बघून आल्यावर, ती सुटेना. चुंबक जेव्हा येऊन त्या वाकड्या जागी बसलं, तेव्हा मला राग आला नव्हता. राग नंतर आला, किंवा मी आणला. आधी मला आनंद झाला होता. पोटातून वर आलेला, गरम, अगदी लहानपणी दुसऱ्याला छडी बसताना होतो तसा. सापडला! बाबांचा लाडका, सोन्याच्या हाताचा, सापडला एकदाचा! मी दोन्ही पिना अंगणात भिरकावल्या आणि शेडमधून माझ्या सळया काढल्या, सरळ, मीच पलीकडच्या गल्लीतल्या कठडेवाल्याकडून आणलेल्या. त्यांना चुंबक ढिम्म चिकटलं नाही. त्याच घातल्या. बाबा एक शब्दही बोलले नाहीत. बारक्या त्याच दुपारी निघून गेला, आधी सासुरवाडीला, मग दुसऱ्या शहरात, तिथे फरशीच्या कारखान्यात लागला. चार वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा आला होता. आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतो आणि लोकांना वाटलं, दुःखानं बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी सांधा उघडला. आधी हाताखाली टेकू लावले, मग मसाला टाकीच्या टोकानं दाणा दाणा करत काढला. दवाखान्याची झाडलोट करणाऱ्या बाई बादली घेऊन पायऱ्या धूत होत्या आणि पाण्याचा वास माझ्या नाकात बसला, जंतुनाशकाचा, डोळ्यांना झोंबणारा. “रोज याच पाण्यानं?” मी विचारलं. “रोज दोनदा,” त्या म्हणाल्या. “तिलाही आंघोळ घालते की. बाई माणूस आहे, अशीच कशी ठेवायची?” दुपारपर्यंत हात सुटा झाला. पिना बाहेर आल्या त्या माझ्या सरळ सळया, पण ओळखू येईनात. एकीची कंबर उंदरानं कुरतडावी तशी झाली होती, दुसरीवरून गंजाचे पापुद्रे माझ्या तळहातावर सुटून आले. दगडाला आतून केसाएवढी चीर गेली होती. अजून एखादं वर्ष. एखादा जाडजूड माणूस. मी त्या दोन्ही रुमालात बांधून खिशात टाकल्या, देखरेखवाल्याला म्हणालो, चार दिवस लागतील, आणि तडक सळयांच्या दुकानात गेलो. खिशातलं ओझं मांडीला लागत होतं आणि मी मनात एकच घोकत होतो, माझ्या गंजल्या तर त्याच्या तर केव्हाच मोडल्या असत्या, त्याच्या तर चुंबकाला चिकटत होत्या.

कठडेवाला मेला. त्याच्या जागी आता मोठं दुकान आहे आणि गल्ल्यामागे त्याची सून असते, धातूंचं शिकून आलेली, चष्मा डोक्यावर. मी म्हणालो, चांगल्यातलं चांगलं स्टील दाखवा, दगडात घालायचंय. तिनं चार जाती काढून ठेवल्या. मी पिशवीतून बाबांचं चुंबक काढलं, सकाळी निघतानाच दोरीवरून सोडून घेतलेलं. ती हसली. वाईट हसली नाही, आपल्या घरातलं कुणी म्हातारं टॉर्च लावून दिवसा किल्ल्या शोधताना दिसलं की हसतो तशी हसली. “काका, यानं काय कळणार?” म्हणाली. मी म्हणालो, “आमच्याकडे दोन पिढ्या यानंच कळतंय.” मग तिनं काय केलं, एक सळई उचलली, चांगल्यातली, माझ्याकडून चुंबक लावून घेतलं. चिकटलं नाही. मग तीच सळई पकडीत धरली आणि दांड्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन वाकवली, शेगडी न पेटवता, थंडच. “आता लावा.” चुंबक अलगद आलं आणि वाकलेल्या जागी बसलं. “थंड वाकवलं की स्टील तेवढ्या जागी थोडं चुंबक धरतं, काका. म्हणून काही ते लोखंड होत नाही.” मग हलक्या जातीची एक सरळ सळई घेतली, भांड्याकुंड्यांना आणि स्वस्तातल्या कठड्यांना वापरतात ती. तिला चुंबक चिकटलंच नाही. “आणि हे बघा, हे नाही चिकटत, पण रोज पाणी लागलं तर दहा वर्षं काढणार नाही.” मी गल्ल्याला धरून उभा होतो. तिनं पाणी विचारलं. मी नको म्हणालो आणि मग तिनं दिलेलं पाणी प्यालो. लहानपणापासून जे वाक्य मला पाठ होतं ते एका बाईनं एका मिनिटात पकडीत धरून वाकवून दाखवलं, आणि वर तिला वाटत होतं की ती मला सळई विकतेय.

घरी चालतच आलो. वाटेत सगळीकडे मला जोडच दिसत होते, पुलाचे, खांबांचे, कठड्यांचे, कुणीतरी काहीतरी आत घालून गेलेला आणि वरून पुसून घेतलेला. अंगणात शिरलो, एप्रन काढला, नळाखाली हात धुतले आणि रोजच्यासारखा एप्रन भिंतीवरच्या हुकाला अडकवला. अडकवला आणि तसाच उभा राहिलो. नळाच्या बाजूला भिंतीत दोन हूक आहेत, वीतभर अंतरानं. एकावर माझा एप्रन असतो. दुसरा रिकामा. ते कधीपासून आहेत, कुणी ठोकले, याचा मी कधी विचार केला नव्हता. घरातल्या हुकाचा कोण विचार करतो? मी एप्रन काढून घेतला. काटकोनात वाकवलेली सळई, अर्धी भिंतीत, टोक वर वळलेलं. अकरा पावसाळे, रोजचं नळाचं पाणी, माझा ओला एप्रन, आणि सळई लखलखीत. अंगठ्यानं घासून बघितलं. एक डाग नाही. मी पिशवीतून चुंबक काढलं आणि वाकलेल्या जागी लावलं, आणि ते बसलं, अगदी त्या सकाळी बसलं होतं तसंच. मग मी नळाच्या ओट्यावर खाली बसलो आणि रडलो. साठीला आलेला माणूस, ओल्या एप्रनमध्ये तोंड घालून. बायको दारात आली, आत जाऊन फोन घेऊन आली आणि बारक्याचा नंबर लावून माझ्या हातात दिला. तिच्या फोनमध्ये तो पहिलाच नंबर होता.

“हां, बोल गं वहिनी,” तो म्हणाला. मी म्हणालो, “मी आहे.” पलीकडे यंत्राची घरघर चालली होती, ती दूर गेली, दार लागल्याचा आवाज आला. “बाबांचं आता काय राहिलंय वाटायचं?” तो म्हणाला. “वाटून घेतलं ना सगळं?” मी म्हणालो, “त्याचं नाही. नळाजवळच्या त्या दोन पिना. बाबांनी ठोकल्या होत्या का?” “मी ठोकल्या,” म्हणाला. “निघताना. बाबा बाजूलाच उभे होते. मी त्यांना म्हणालो, बघू दे त्याला.” माझ्या तोंडून रागानंच आलं, कसला राग होता कोण जाणे, “मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?” “बोललो होतो की. त्याच दिवशी. चार वेळा.” खरंच, चार वेळा. मी मोजत नव्हतो पण तो मोजत होता, आणि मोजलं तर चारच भरतात. आणि बाबा? बाबांना ते हूक रोज दिसत होते. सात वर्षं ते त्या नळावर हात धूत होते, माझ्या शेजारी. ते का बोलले नाहीत? म्हणाले असते तर दुसराही मुलगा जाईल अशी भीती वाटली असेल? की आपलं ते चुंबक, आपला तो नियम, तो खोटा ठरेल म्हणून? हे आता विचारायचं तरी कुणाला! मी फोनवर एवढंच म्हणालो, “हातवालीचा हात सुटला. माझ्या पिना गंजल्या.” तो म्हणाला, “कुणाला लागलं?” हे त्यानं सगळ्यात आधी विचारलं. मी म्हणालो, नाही. “मग शनिवारी येतो,” म्हणाला, आणि फोन ठेवला.

शनिवारपर्यंत मला झोप अशी लागलीच नाही. पण एक काम केलं. देखरेखवाल्याकडे गेलो, रुमाल सोडून त्या दोन कुरतडलेल्या पिना त्याच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणालो, “दगड जुना वगैरे काही नाही. मी हलक्या जातीचं घातलं होतं. चूक माझी आहे, काम माझ्याकडून फुकट.” तो गोड माणूस, पण त्या वेळी गोड बोलला नाही. म्हणाला, आणखी कुठे कुठे घातलंय असलं? मी सहा जागा सांगितल्या. त्यानं कागदावर लिहून घेतल्या, मला वाटलं होतं तेवढी लाज वाटली नाही, किंवा लाज वाटायलाच जागा उरली नव्हती. सहाही जागा मलाच उघडायच्या आहेत. दोन झाल्यात.

दुसरीकडे माझं डोकं एका गोष्टीत गुंतलं होतं. भिंतीतल्या त्या दोन पिना मी काढून, घासून, त्याच्या हातात ठेवणार, आणि म्हणणार, घाल, तुझ्याच घाल, अकरा वर्षांपूर्वी घालायच्या होत्या त्याच. मनात मी तो प्रसंग इतक्या वेळा करून पाहिला की त्यात त्यानं काय बोलायचं तेही मीच ठरवलं. शनिवारी तो आला. पाठीला पिशवी, केस पांढरे, आणि अजूनही वीतभर उंच, मला मान वर करून बघावं लागलं. तो सरळ दवाखान्यातच आला होता. मी पिना काढायला अंगणात निघालो तर म्हणाला, “थांब, आधी बघू दे.” पायरीवर उकिडवा बसला, उघड्या सांध्यात टॉर्च मारला, भोकात बोट घालून वास घेतला, आणि पायऱ्यांवरच्या ओल्या पाण्याकडे बघितलं. “हे क्लोरीनचं पाणी रोज पडतं? मग माझ्या पण नकोत. माझ्यासुद्धा इथे राहिल्या नसत्या, दादा. तुझ्यापेक्षा पाचसात वर्षं जास्त, एवढंच. त्या अंगणात टिकल्या, कारण तिथे साधं पाणी. इथे टायटॅनियम घाल. महाग पडेल, पण ते या पाण्याला भीक घालत नाही.”

मला काय झालं कुणास ठाऊक, मी भडकलोच. चार रात्री जागून मी माझा गुन्हा पक्का केला होता, आणि हा त्यातही खोट काढतोय! “म्हणजे?” मी म्हणालो. “तुझ्याही गंजल्या असत्या? मग अकरा वर्षं आपण भांडलो कशावरून?” त्यानं टॉर्च बंद केला. माझ्याकडे न बघता, हातवालीच्या रिकाम्या खांद्याकडे बघत म्हणाला, “स्टीलवरून कधी भांडलो आपण? तू मला चोर म्हणालास.”

पायऱ्यांवरून माणसं चढत-उतरत होती. बाकडं आडवं लावलेलं असूनही एका बाईचा हात सवयीनं पुढे आला, तिथे काही नव्हतं, तिनं तो मागे घेतला. मी म्हणालो, “चुकलो मी.” मग, आता अर्धवट सोडण्यात काय अर्थ होता, म्हणून तेही सांगितलं. “चुंबक चिकटलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, बारक्या. तू सापडलास म्हणून.” त्यानं टॉर्च पिशवीत ठेवला. मग म्हणाला, “ते मला दिसलं होतं.” आणि म्हणाला, “चल, दुकान बंद होईल.”

टायटॅनियमच्या सळया त्या सुनेनंच काढून दिल्या, करड्या, इतक्या हलक्या की हातात घेतल्यावर फसवणूक झाल्यासारखी वाटते. वाकवायच्या नाहीत, आटे पाडलेल्याच घ्यायच्या म्हणजे मसाला पकडून ठेवतो. बारक्यानं भोकं खोल केली, सहा सहा इंच, मी धूळ फुंकून काढली. मसाला त्यानं भरला. हात मी धरला, चाळीस किलोचा, छातीशी घेऊन, आणि तो मागून पिना जुळवत होता. “वर. जरा डावीकडे. अरे, तुझं डावं, माझं नाही.” सांधा बसला. धरायला अजून वीस मिनिटं लागणार होती आणि तेवढा वेळ आम्ही दोघं त्या बाईचा हात धरून उभे होतो. त्या दिवशीचे ते काठीवाले म्हातारे गृहस्थ आले, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “आज सोडा म्हणत नाही का कुणी?” मला हसू आलं. बारक्याला काय ते कळलं नाही, तरी तोही हसला.

संध्याकाळी घरी आला. वहिनीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ताट वाढलं, तो जेवला. मुलांचं विचारलं तर मोबाइलवर फोटो दाखवले. साडेसातची बस होती. निघण्याआधी मागच्या अंगणात गेला, नळावर हात धुतले, कोपरापर्यंत, बाबा धुवायचे तसे. दारातल्या चुंबकाला टिचकी मारून झोका दिला. मी शेडमध्ये सामान लावत होतो, सोडायला जावं की नको या विचारात, आणि मी बाहेर आलो तोवर तो पुढच्या दारानं निघूनही गेला होता. पुन्हा कधी येणार ते बोलला नाही. मी विचारलं नाही.

नळाजवळ त्याचा एप्रन होता. दुसऱ्या पिनेवर, ओला, खिशात मसाल्याची पोपडी धरलेली. विसरला की ठेवून गेला, मला सांगता येणार नाही. त्याचा फोन येईल म्हणून बायको रोज सांगते, जावेकडून तिला काही कळलंय का ते मात्र सांगत नाही. आज नववा दिवस. एप्रन वाळून कडक झालाय. हात धुताना दर वेळी तो माझ्या खांद्याला लागतो, आणि मी तो तिथून हलवलेला नाही.